चौथा चिमटा कुठे लावायचा? बॅटरी उतरलेली गाडी केबलने चालू करताना

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून उतरलेल्या बॅटरीला करंट देणाऱ्या जंपर केबलला चार चिमटे असतात. पहिले तीन कुठे लावायचे ते बहुतेकांना माहीत असतं, चुकतं ते चौथ्याला. घाईत तो उतरलेल्या बॅटरीच्याच मायनसवर चिकटवला जातो, बारीक ठिणगी उडते, गाडी चालू होते आणि सगळे खूश. असं दहादा निभावतं, म्हणून सवय पक्की होते.

लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कितीही प्रमाणात असला तरी तो पेटतो. बॅटरीच्या झाकणांपाशी तेवढा जमू शकतो, आणि पेटला तर वरचं कवच फुटून आतलं सल्फ्युरिक ॲसिड वाकून बघणाऱ्याच्या तोंडावर येतं. शेवटचा चिमटा लागतो तेव्हा सर्किट पूर्ण होतं, म्हणून ठिणगी तिथेच उडते. ती बॅटरीपासून हातभर लांब उडावी, यासाठी चिमट्यांचा क्रम पाळायचा.

आधी बॅटरीच आहे ना ते बघा

चावी फिरवल्यावर ‘कट-कट-कट’ असा झरझर आवाज आला आणि डॅशबोर्डचे दिवे मंदावले, तर बॅटरीत दम उरलेला नाही. आवाजही नाही आणि दिवेही नाहीत, तर ती पूर्ण उतरली आहे किंवा टर्मिनल सुटलं आहे. दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत आणि सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) मारला की नुसता एकच ‘टक’ असं असेल तर संशय सेल्फवर किंवा इंजिनच्या अर्थिंगच्या पट्टीवर घ्या. सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, अशा वेळी केबलचा काहीच उपयोग नाही. तिथे इंधन किंवा इमोबिलायझर (चोरी रोखणारं इलेक्ट्रॉनिक कुलूप) बघावा लागतो.

बॉनेट उघडल्यावर सगळ्यात आधी टर्मिनल हाताने हलवून बघा. हललं तर १० नंबरच्या पान्याने आवळा आणि पुन्हा सेल्फ मारा. पांढरी-हिरवट भुकटी साठली असेल तर टर्मिनल काढून (मायनस आधी, प्लस नंतर) गरम पाण्यात खायचा सोडा कालवून धुवा, कोरडं करा, पॉलिश पेपरने खांब चकाकेपर्यंत घासा. सोड्याचं पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका. बसवताना उलटं, प्लस आधी. एवढ्यावरच चालू होणाऱ्या गाड्या कमी नाहीत. त्यांच्यासाठी उगाच दुसऱ्याची गाडी थांबवली जाते.

मल्टिमीटर असेल तर गाडी दोन-चार तास उभी असताना दोन्ही खांबांवर मोजा. १२.६ व्होल्टच्या वर असेल तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, ११.८ किंवा खाली म्हणजे रिकामी. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली कोसळला तर तिची ताकद संपत आली आहे. बॅटरी नुकतीच चार्ज होऊनही १०.५ च्या आसपासच अडकत असेल, तर सहा सेलपैकी एक बहुधा आतून शॉर्ट झालाय. अशीला केबल लावली तर मदतीची गाडीही दमेल.

कधी केबल लावायचीच नाही

बॅटरी फुगलेली आहे, तडा गेलाय, ॲसिड पाझरतंय, सडक्या अंड्यासारखा वास येतोय, यातलं एक जरी दिसलं तरी बॉनेट उघडं ठेवून लांब व्हा. ती बदलायचीच बॅटरी आहे. झाकणं उघडणारी बॅटरी असेल आणि आतल्या प्लेटा उघड्या पडल्या असतील, तर आधी प्लेटा बुडतील इतकंच डिस्टिल्ड वॉटर घाला. नळाचं, विहिरीचं किंवा फिल्टरचं पाणी चालत नाही, आणि वरून ॲसिड तर कधीच ओतू नये.

सांगलीकरांसाठी आणखी एक. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेचं पाणी वस्त्यांत शिरलं आणि उभ्या गाड्या बुडाल्या. पाणी ओसरल्यावर ‘बघू तरी चालू होते का’ म्हणून सेल्फ मारायचा मोह होतो. पाणी सिलिंडरमध्ये असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उघडावं लागतं. सीटच्या गादीपर्यंत पाणी आलेल्या गाडीला केबल नको, धक्का नको. मायनसचं टर्मिनल काढून ठेवा आणि गाडी उचलून गॅरेजला न्या. विमा असेल तर कंपनीलाही आधी कळवा, कारण पाण्यात बुडाल्यानंतर सेल्फ मारून झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत नाकारलं जाऊ शकतं.

मदतीला कोण चालेल

ऊसतोडीच्या हंगामात कराड, आष्टा, तासगावच्या रस्त्यांवर कार बंद पडली, तर पहिल्यांदा थांबतो तो उसाचा ट्रक किंवा ट्रॅक्टर. या दोघांत मोठा फरक आहे. ट्रकमध्ये, तसंच एसटीत, १२-१२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. ते कारला लागले की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), म्युझिक सिस्टीम, बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचे डायोड यांतलं काय जळेल याचा नेम नाही. ‘दोनपैकी एकाच बॅटरीवरून घेऊ’ असं सांगणारे भेटतात. तत्त्वतः ते खोटं नाही, पण चार खांबांतला चुकीचा निवडला की पुन्हा २४ व्होल्ट. अंधारात, रस्त्याच्या कडेला हा प्रयोग करू नये. बॅटरीच्या पेटीत दोन बॅटऱ्या दिसल्या की सरळ आभार मानून पुढच्या गाडीची वाट बघा.

ट्रॅक्टर १२ व्होल्टचा असतो आणि त्याची बॅटरी छोट्या कारच्या दुप्पट मोठी असू शकते, त्यामुळे मदतीला उत्तम. फक्त इंजिन रेस करू नका, मंद चालू ठेवा किंवा बंदच ठेवा. पिकअप, छोटा टेम्पो, दुसरी कार हेही चालतं. मोटरसायकलची बॅटरी १२ व्होल्टचीच असली तरी ५ ते ९ अँपिअर-अवरची. तिच्यावर कारचा सेल्फ फिरणार नाही, उलट तीच बसेल. इलेक्ट्रिक कारवरून दुसऱ्याची गाडी चालू करू नका. तिच्यातली १२ व्होल्टची बॅटरी फक्त आतल्या यंत्रणा जाग्या करण्यापुरती असते, सेल्फचा मार सोसायला नाही. हायब्रिड गाड्यांत सीटखाली किंवा मागे असलेल्या वेगळ्या मोठ्या बॅटरीला हात लावायचा नाही. चिमटे लावायचे ते मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या १२ व्होल्टच्या ठिकाणीच.

केबल घेताना

दुकानात पाकिटावर ‘५०० अँपिअर’, ‘१००० अँपिअर’ असं ठळक छापलेलं असतं. त्याकडे दुर्लक्ष करा आणि आतल्या तारेची जाडी विचारा. छोट्या पेट्रोल कारला १६ चौरस मिलिमीटर तांबं पुरतं, डिझेल एसयूव्हीला २५ हवं. वरून रबर जाड आणि आत शिसपेन्सिलीच्या शिशाएवढी तार, हा प्रकार फार आहे. हिशोब करून बघा: तीन-तीन मीटरच्या दोन केबलमधून १५० अँपिअर गेले, तर १६ च्या तांब्यात साधारण १ व्होल्ट वाटेतच जातो. ६ चौरस मिलिमीटरच्या तारेत अडीचच्या वर जातात, आणि उरलेल्या व्होल्टांत सेल्फ नुसता कण्हतो. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार असेल तर त्याहून वाईट. ती ओळखायची तर चिमट्यापाशी रबर थोडं सरकवून तार चाकूने खरवडा, आत चंदेरी दिसली की समजा. लांबी तीन मीटर ठेवा. बॅटरी एका गाडीत डावीकडे आणि दुसरीत उजवीकडे निघते, तेव्हा दोन मीटरची केबल हमखास वीतभर कमी पडते.

प्रत्यक्ष जोडणी

गाड्या समोरासमोर किंवा शेजारी, दोन-तीन फूट अंतरावर, एकमेकींना न टेकता उभ्या करा. दोन्ही इंजिनं बंद, चाव्या बंद, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल, ऑटोमॅटिकमध्ये ‘पी’. दिवे, एसी, पंखा, मोबाईलचा चार्जर सगळं बंद. हातातलं कडं, अंगठी, गळ्यातली चेन काढून खिशात ठेवा. ही दागिन्यांची काळजी नव्हे: पान्याबरोबर कडं प्लस आणि बॉडीला एकदम टेकलं तर ते क्षणात लालबुंद होतं. ओढणी, उपरणं, शाल बाजूला ठेवा. चष्मा असेल तर घाला. बिडी-सिगारेट लांब.

प्लस-मायनस ओळखताना वायरच्या रंगावर विसंबू नका. जुन्या गाड्यांत दोन्ही वायरी काळ्या किंवा टेप गुंडाळलेल्या असतात. बॅटरीच्या कवचावर खोदलेली खूण बघा, मोबाईलचा टॉर्च मारून बघा. खूण पुसली असेल तर दोन खांबांतला जाड तो प्लस. उलटं लागलं तर मेन फ्यूज उडतो, नशीब खराब असेल तर अल्टरनेटरही.

पहिला चिमटा, लाल: उतरलेल्या बॅटरीच्या प्लसवर. चिमट्याचे दात खांबाला किंवा टर्मिनलच्या धातूला घट्ट चावले पाहिजेत, वरच्या प्लास्टिकला नव्हे. या वेळी लाल केबलचं दुसरं टोक कुठेही टेकता कामा नये, म्हणून ते दुसऱ्या माणसाच्या हातात द्या.

दुसरा, लाल: मदतीच्या गाडीच्या प्लसवर.

तिसरा, काळा: मदतीच्या बॅटरीच्या मायनसवर.

चौथा, काळा: बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूवर, बॅटरीपासून किमान फूट-दीड फूट लांब. इंजिन उचलण्यासाठी दिलेला लोखंडी हुक यासाठी सगळ्यात सोयीचा. तो सापडला नाही तर अल्टरनेटरच्या ब्रॅकेटचा जाड बोल्ट किंवा बॉडीला इंजिनची अर्थिंगची वायर जिथे येते तो नट. रंग लावलेला पत्रा, बॉनेटचं बिजागर, इंधनाचा पाइप आणि पट्ट्याजवळची कोणतीही जागा टाळा. इथे छोटी ठिणगी उडाली तर घाबरू नका, ती इथेच उडायला हवी होती.

चौथ्या चिमट्याचं आणखी एक कारण आहे. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत बॅटरीच्या मायनसवर करंट मोजणारा छोटा सेन्सर असतो. तिथेच चिमटा चावला तर करंट सेन्सरला चुकवून जातो आणि गाडीच्या हिशोबात बॅटरी अजून उतरलेलीच राहते. काही गाड्यांत बॅटरी डिकीत किंवा सीटखाली असते आणि बॉनेटखाली लाल झाकणाचा वेगळा प्लस पॉइंट दिलेला असतो. अशा गाड्यांत तोच वापरायचा.

केबल पंख्याच्या आणि पट्ट्याच्या वाटेत नाहीत ना, ते एकदा बघा. रेडिएटरचा इलेक्ट्रिक पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू लागतो.

आता मदतीची गाडी चालू करा आणि रेस साधारण १५०० आरपीएमवर धरून पाच मिनिटं थांबा. ही पाच मिनिटं खाऊ नका. या वेळात उतरलेल्या बॅटरीत थोडा जीव येतो आणि सेल्फचा सगळा भार केबलवर पडत नाही. मग बंद गाडीचा सेल्फ मारा, एका वेळी जास्तीत जास्त पाच ते दहा सेकंद. डिझेल असेल तर आधी डॅशबोर्डवरचा कॉइलचा (इंजिन आतून तापवणाऱ्या हीटरचा) दिवा विझू द्या. पाचगणी-महाबळेश्वरला थंडीच्या पहाटे इंजिन ऑईल घट्ट झालेलं असतं, तिथे हे विशेष. नाही झाली तर मिनिटभर सेल्फला थंड होऊ द्या. काही कंपन्या सेल्फ मारताना मदतीचं इंजिन बंद ठेवायला सांगतात. मॅन्युअलमध्ये तसं असेल तर तसंच करा.

गाडी चालू झाली की लगेच केबल ओढू नका. तिचे हेडलाइट आणि ब्लोअर लावा, म्हणजे केबल निघताना व्होल्टेजची उसळी त्या दिव्यांवर जिरते, ईसीयूवर जात नाही. दोन-तीन मिनिटांनी उलट्या क्रमाने काढा: इंजिनवरचा काळा, मदतीच्या मायनसचा काळा, मदतीच्या प्लसचा लाल, शेवटी आपला लाल. काढलेला चिमटा लोंबकळत दुसऱ्याला टेकू देऊ नका.

ॲसिड अंगावर उडालंच तर वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं धुवा. डोळ्यात गेलं तर बाटलीतलं पिण्याचं पाणी ओतत ओतत थेट दवाखाना. चोळायचं नाही.

तरीही नाही झाली तर

पुन्हा ‘कट-कट’च येत असेल, तर बहुतेक वेळा दोष चिमट्याच्या पकडीत असतो, असं म्हणायला हरकत नाही. चारही चिमटे जागेवरच अर्धा फेरा फिरवून गंज खरवडू द्या आणि अजून दहा मिनिटं चार्ज होऊ द्या. केबल हाताला चटका बसेल इतकी तापली, तर ती बारीक आहे, थांबा. गाडी चालू होऊन केबल काढताच बंद पडत असेल, तर अल्टरनेटर (गॅरेजात त्याला अजून डायनामोच म्हणतात) चार्ज देत नाही किंवा पट्टा तुटलाय. मग ती गाडी चालवत नेण्याच्या भानगडीत पडू नका.

पुणे-बेंगळुरू महामार्गावर, खंबाटकी घाटापासून कासेगावपर्यंत कुठेही, गाडी लेनमध्येच अडकली असेल तर बॉनेट उघडायच्या आधी माणसं कठड्यापलीकडे न्या आणि १०३३ या महामार्गाच्या हेल्पलाइनवर फोन करा. बॅटरी उतरली की हॅझर्ड दिवेही लागत नाहीत, तेव्हा लाल त्रिकोण शंभरेक पावलं मागे ठेवल्याशिवाय पुढे वाकायचं नाही.

धक्का स्टार्ट

आपल्याकडे अजून पहिला उपाय हाच. गिअरची गाडी, बॅटरीत डॅशबोर्ड लागण्याइतका जीव, सपाट मोकळा रस्ता, एवढं असेल तर चालतो: चावी ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबलेला, ढकलणाऱ्यांनी वेग धरला की क्लच झटकन सोडून लगेच पुन्हा दाबा. ढकलणारे मागे आणि बाजूला असावेत, पुढून ओढणारे नकोत. ऑटोमॅटिकमध्ये हे होत नाही, आणि एएमटीतही (क्लच पेडल नसलेल्या, गिअर आपोआप बदलणाऱ्या गाडीत) नाही. पूर्ण मेलेल्या बॅटरीवर आजच्या गाड्यांचा इंधनपंप आणि ईसीयूच जागे होत नाहीत, मग माणसं कितीही दमली तरी उपयोग नाही. दोन प्रयत्नांच्या पुढे जाऊ नका, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर साफ करणारा भाग) जाऊन साठतं.

यवतेश्वरच्या उतारावर गाडी सोडून चालू करणं मात्र टाळाच. इंजिन बंद असताना स्टिअरिंग दगडासारखं जड होतं आणि ब्रेकचा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो. पुढचं वळण तोवर आलेलं असतं.

चालू झाल्यावर

जागेवर इंजिन घुरघुरत ठेवून बॅटरी फारशी भरत नाही. साताऱ्याहून कराडपर्यंत जाण्याएवढी तासभर चालवली तर पुन्हा सेल्फ लागण्याइतकी भरते, पूर्ण तरीही नाही. पूर्ण भरायची तर बॅटरीवाल्याकडे रात्रभर चार्जिंगला लावा. ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला साडेतीन अँपिअरने दहा-बारा तास, हे प्रमाण ठीक. झटपट चार्ज करून देतो म्हणणाऱ्याला नाही म्हणा, जोरात चार्ज केल्याने प्लेटा तापतात.

इंजिन चालू असताना खांबांवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले तर अल्टरनेटर ठीक. हे तपासायला चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल उचलून बघायची जुनी पद्धत काही गॅरेजांत अजून आहे. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत ती खपून जायची. आता बॅटरीचा आधार सुटताच व्होल्टेज उसळतं आणि हजारोंचा ईसीयू जातो. कुणी पाना घेऊन तिकडे वळला तर त्याला थांबवा.

बॅटरी कशामुळे उतरली, ते शोधा. आतला दिवा, नीट न लागलेली डिकी, डॅशकॅम, जीपीएस ही नेहमीची कारणं. काहीही चालू नसताना गाडी साधारण २० ते ५० मिलिअँपिअर खातच असते. ५० धरले तर रोजचे १.२ अँपिअर-अवर, म्हणजे ३५ ची बॅटरी पंधरा दिवसांत निम्मी. मुंबई-पुण्याला राहून गावाकडे गाडी ठेवणाऱ्यांनी जाताना मायनसचं टर्मिनल काढून ठेवावं. घड्याळ आणि काचांचं ऑटो सेटिंग परत करावं लागतं, एवढाच त्रास. रिमोटवर उघडणाऱ्या गाडीची आतली साधी चावी कुठे आहे तेही आधीच बघून ठेवा, बॅटरी उतरल्यावर दार तिनेच उघडतं.

चार-पाच वर्षं झालेली बॅटरी महिन्यात दोनदा उतरली तर ती बदला. सांगलीचा उन्हाळा तिला थंडीपेक्षा जास्त मारतो, फक्त लक्षात येतं ते थंडीत. नवी बसवताना खालची पट्टी घट्ट आवळून घ्या, कारण हादऱ्याने प्लेटांवरचा लेप झडतो. जुनी बॅटरी दुकानदाराला परत द्या, तिचे पैसे बिलातून वजा होतात.